हेडलाइटवरची टूथपेस्ट

आज सकाळी मुलगा मोटारसायकलच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला टूथपेस्ट चोळत होता. तो वास नाकात गेला आणि मला दहिवलीतली एक जुनी संध्याकाळ आठवली. साजगावच्या कारखान्यात पाळीला निघण्याआधी काकाही अंगणात अशीच काच घासत बसला होता. दारातून काकी म्हणाली, “आवो, धुकं उतरतंय. आज नका जाऊ.”

“बघ गं, कशी चकाचक झाली!” म्हणत काकाने गाडी चालू केली. उजेड समोरच्या पेरूच्या झाडापर्यंतही पोचला नाही. काच आतून धुरकटली होती, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेंपोतून नुसती मोटारसायकल परत आली. हेडलाइटला ओरखडाही नव्हता. त्याला अजून पुदिन्याचा वास येत होता.