घरच्या तुरीला दोन भाव

तेव्हा मी चाळिशीची होते, आणि मोताळ्यापासून रोहिणखेडपर्यंत माझ्याइतकी चलाख बाई नाही अशी माझी पक्की खात्री होती. ती बाई आज भेटली, तर तिला समोर बसवून पोट दुखेपर्यंत हसेन.

एका दुपारी सरकारी पाहणीवाली मुलगी दारात आली. बुलढाण्याहून एसटीने आलेली, हातात जाडजूड फॉर्म. मागच्या तीस दिवसांत घरात काय खाल्लं, काय विकत आणलं, ते सगळं तिला लिहून घ्यायचं होतं. माझ्या डोक्यात एकच घंटा वाजली: पिवळं रेशनकार्ड! आपण चांगलं खातो हे सरकारला कळलं की कार्ड गेलं, आणि त्यासोबत स्वस्तातले गहू-तांदूळही गेले. मी पदर डोक्यावर ओढला, ओसरीवरच्या पोत्याला टेकले आणि चेहरा पाडला.

"डाळ किती लागते, काकू?"

"कायची डाळ, माय! मिरची-भाकर खातो."

"दूध?"

"पाह्यलं बी नाई."

"तेल?"

"वास घेतो."

बिचारी न हसता लिहीत राहिली. तेवढ्यात आतून सासूबाई चहा घेऊन आल्या. दारी आलेल्या माणसाला चहाशिवाय उठू देणं आमच्या घरात कधी झालंच नाही. आणि सासूबाईंचा चहा म्हणजे म्हशीच्या दुधाचा, वर साय तरंगणारा. मुलीने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काकू, पाहुण्याला पाजलेला चहाही यात लिहावा लागतो. दूध कुठलं?"

"घरच्या म्हशीचं!" सासूबाई खुलल्या. "आन वरण त रोजचंच. तूर घरचीच हाये न, ते काय पोतं, हे टेकून बसली त्याले! काऊन वं, तू सांगतलं नाई तिले?"

मी पोत्यावरून पाठ काढली, पण आता काय उपयोग!

"लिही मंग," मी म्हणाले. "पण पैसे लावू नको. घरची तूर फुकटच."

"फुकट कशी? व्यापारी तुमच्या दारात आला असता तर या तुरीला जो भाव दिला असता, तो मी लिहिणार. दुकानातून डाळ आणली असती तर दुकानाचा भाव लिहिला असता. पिकवणाऱ्याच्या हाती पडतो तो भाव वेगळा आणि खाणारा मोजतो तो वेगळा."

एकाच तुरीला दोन भाव! आयुष्यभर तूर पेरली, भरडली, शिजवली आणि मला त्यातला एकही दिसला नव्हता.

"आन हे लिहून कार्ड गेलं मंग आमचं?" मी शेवटी पोटातलं बोललेच.

"कार्डाशी याचा काही संबंध नाही. तुमचं नावही कुठे सांगत नाहीत. पण महागाई मोजताना डाळीला किती वजन द्यायचं आणि तेलाला किती, ते अशाच घरांच्या खाण्यावरून ठरतं. सगळ्यांनी डाळ खात नाही म्हटलं, तर उद्या डाळ कितीही महागली तरी मोजमापात तिचा भार जाणवणारच नाही."

रेडिओवर महागाईचा आकडा सांगत, तेव्हा मला वाटायचं दिल्लीतला कुणी मोठा साहेब सकाळी उठून तो ठरवत असेल. आणि इथे ही पोरगी एसटीचे धक्के खात माझ्या वरणाचं पातेलं मोजायला आली होती! अशा किती पोरी, किती ओसऱ्या, किती पातेली असतील.

कार्डाची धास्ती अजून पुरती गेली नव्हती. तरी म्हणाले, "खोड ते सारं. पहिल्यापासून लिही."

तिने नवं पान काढलं. डाळ, दूध, तेल, चहासाखर, मी सगळं खरं खरं सांगितलं. मग तिने विचारलं, "बाहेरचं काही खाता?"

सासूबाई तिथेच मांडी घालून बसलेल्या. मी मुलीच्या कानाशी लागले. "दर बाजाराले दोन प्लेट भजे. लिही, पण मोठ्यानं वाचू नको."

"काय म्हणते वं ते?" सासूबाई म्हणाल्या.

"मिठाचं इचारून राह्यली," मी म्हणाले.

ती गेली. फाट्यावरून तिची एसटी सुटल्याचा आवाज आला तरी मी ओसरीवरून हलले नाही. कार्ड न्यायला पुढे कधी कोणी आलं नाही. पण त्या दुपारी मला कार्डाचं भान कुठे होतं? आमचं वरण, सासूबाईंची साय आणि माझे चोरून खाल्लेले भजे देशाची महागाई मोजायला निघाले होते.