लाल दिव्याची बदली

आकाराम लाइटवाला माणसांवर कधी जळला नाही. हार आमच्या गळ्यात पडत, टाळ्या आम्ही नटमंडळी घेऊन जात असू, आणि हा विंगेत दिव्यांच्या बोर्डामागच्या स्टुलावर बसून खुशाल शेंगा फोडायचा. त्याचा सगळा मत्सर त्यानं एका दिव्यासाठी राखून ठेवला होता.

आमच्या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या मागच्या दारावर लाल काचेची एक पेटी होती. तिच्यावर ‘बाहेर’ अशी अक्षरं, आत बारका बल्ब. खेळ असो नसो, ती पेटलेलीच. रंगमंचावरून बघावं तर सगळ्या काळोखात तेवढा एकच डोळा आपल्यावर रोखलेला. आकाराम संध्याकाळ अशी उतरवायचा की समोरच्या बायका घरी दिवाबत्तीची वेळ झाली म्हणून चुळबुळायला लागत. पण पूर्ण अंधार त्याला कधी मिळाला नाही. मी त्या पेटीला त्याची सवत म्हणायची.

“आकाराम, सवत आज जास्तच नटलीय रे!”

“नटंल की, आक्का. काम न्हाय, धाम न्हाय, आन् नजर समद्यांची तिच्यावर!”

मातीच्या नळ्यांत मिठाचं पाणी भरून दिवे मंद करायचे, त्या काळापासून तो या धंद्यात. धाकट्या भावाला, सयाजीला, त्यानंच हाताला धरून शिकवलं. सयाजी मुंबईला गेला आणि विमानांच्या हँगरमध्ये वायरमन झाला. काम कुठलं, तर विमानाच्या दारांवरच्या पाट्यांचे दिवे बघायचं. जगात एवढे दिवे असताना सख्खा भाऊ सवतीच्याच माहेरी नोकरीला! आकारामला हे पचलं नाही.

त्यात सयाजी रजेवर आला की शिवाजी पेठेतल्या तालमीतली पैलवान पोरं त्याच्याभोवती गोळा. उजळाईवाडीच्या धावपट्टीवर विमान उतरलं तर अजून लोक माना वर करून बघायचे, ते दिवस. “विमान आतनं कसं असतंय?” म्हणून जो तो विचारी. आकाराम लांब कट्ट्यावर बसून ओरडायचा, “पयल्या दिवशी माझा अख्खा बोर्ड जाळलावतास, त्ये बी सांग की त्यास्नी!”

अठ्ठ्याण्णव साली आम्ही स्पर्धेत नाटक उतरवलं. मी आईच्या भूमिकेत. गुन्हा करून आलेला मुलगा समोर उभा, आणि शेवटी मी कंदील फुंकून म्हणते, “आता बोल. आता मला तुझं तोंड दिसत नाही.” पुढचं सगळं काळोखात. आकारामला प्रकाशयोजनेचं बक्षीस आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. आपल्याला ते नकोच, असं तो सारखा म्हणायचा. म्हणजे फार हवं होतं. या अंधारावर त्यानं सगळा जीव लावला.

तालमीत मी कंदील फुंकला. दारावरच्या लाल उजेडात पोराचं तोंड स्वच्छ दिसलं. तो खुदकन हसला.

आकाराम तसाच व्यवस्थापकांकडे गेला. दिल्लीतल्या सिनेमागृहाची आग अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. साहेब म्हणाले, “तो दिवा बंद होणार नाही. माणसं चेंगरली तर तुमचं बक्षीस मी त्यांच्या फोटोला घालू काय?”

सयाजी रजेवर होता. मी त्यालाच विचारलं, “विमानात तरी हा दिवा कधी विझतो का रे?”

“बिघडतोय की, आक्का. म्हणून दर वेळेला विमान अडवून धरत न्हाईत. नियमात सवलत असतीया. कदी उडायचं, कदी न्हाय, ठरल्यालं असतंय.”

आकारामच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. “अरं! आभाळात उडणाऱ्याला सूट, आन् माझं नाटक जमिनीवर हाय तर त्याला न्हाय? चल, सांग त्या सायबाला!”

सयाजीला त्यानं मनगट धरून ओढत नेलं. ज्या भावाच्या कौतुकानं त्याच्या पोटात दुखायचं, त्याच भावाचं मोठेपण तो साहेबांना ऐकवू लागला. “इमानातला माणूस हाय, साहेब. ह्याचं ऐका.”

सयाजी मात्र भलतंच बोलला. “सवलत म्हंजे मोकळीक न्हवं, साहेब. पाटीचा दिवा गेला तर त्या दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा, माणसास्नी आदी सांगा, असल्या अटी असत्यात. दिवा झोपला तर त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं.”

मला एकदम उमगलं. “म्हणजे बदली! नट आजारी पडला की दुसरा उभा करतो, तशी.”

“व्हय, आक्का. बदलीच.”

साहेब हसले. “ठीक. त्या प्रवेशापुरता दिवा विझवा, पण मागची रांग मोकळी ठेवा. पडदा उघडण्याआधी लोकांना सांगा. आणि दाराशी एक माणूस उभा करा, हातात बॅटरी घेऊन, तोंड लोकांकडे. या नाट्यगृहात डोळे मिटून फिरू शकेल असा माणूस पाहिजे.” त्यांनी समोर बोट केलं. “म्हणजे आकाराम.”

“मग बोर्डावर कोण?” आकारामनं विचारलं, आणि उत्तर कळल्यासारखा भावाकडे बघत राहिला.

प्रयोगाच्या दिवशी त्यानं सयाजीला बोर्डाजवळ बसवलं. “हळू उतरव. तुझी इमानं पळत्यात तसा पळू नगंस.” मग जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाला, “बगा आक्का, जल्मभर सवतीचा राग केला, आन् आज तिचंच लुगडं नेसून उभा ऱ्हातोय.”

शेवटचा प्रवेश आला. मी कंदील फुंकला. सयाजीनं प्रकाश असा काढून घेतला की माझेच हात मला दिसेनात. लाल डोळा मिटला. इतका दाट अंधार मी त्या रंगमंचावर कधी पाहिला नव्हता. मुलगा बोलू लागला. समोर श्वाससुद्धा ऐकू येईना.

आणि मागून एका म्हातारीचा घाबरा आवाज आला. “पोरी, दार कुठं गेलं गं?”

आकारामला गप्प राहता आलं असतं. दोन वाक्यांचाच अंधार उरला होता. पण मागे बॅटरी पेटली. जमिनीवर उजेडाचा गोल पडला, आणि त्याचा भसाडा आवाज जितका हळू करता येईल तितका हळू आला, “दार हितंच हाय, म्हातारे. मी हाय की उभा.”

पोरानं तेवढ्यात वाक्य पुरं केलं, पडदा पडला. प्रकाशयोजनेचं बक्षीस दुसऱ्या संस्थेला गेलं.

विंगेत सयाजी ओशाळून उभा होता. आकारामनं येऊन बॅटरी बोर्डावर ठेवली. “अंधार बेस केलास,” तो म्हणाला. “माझ्यापरीस बेस. माज्याच हातानं नासला त्यो.” आणि बोर्डाजवळच्या शेंगा उचलून निघून गेला. दोन दिवस तो भावाशी बोलला नाही, हेही सांगायला हवं.

पुढं त्यानं अंधार कधी मागितला नाही. एकदा दुपारच्या तालमीला मी आत शिरले, तर लाल पेटीखाली शिडी लावून तो नवा बल्ब बसवत होता. जुना गेला होता, आणि साहेबांना अजून पत्ताही नव्हता.

“आकाराम, सवतीची सेवा?”

“सेवा कसली, आक्का!” वरूनच तो खेकसला आणि बल्ब पिळून घट्ट बसवला. “ही निजली की बदलीला मला उभा करत्यात. मरू दे, हिची हीच जळू दे.”