मूठ उघडून डॉक्टर काय म्हणाले

आमच्या गावात कोणी औषधाचा कंटाळा केला की अजूनही माझ्या धाकट्या भावाचं उदाहरण देतात. गोळ्या खाल्ल्या नाहीत, ऐकलं नाही, गेला. आणि एखादी बाई नवऱ्याच्या दुखण्याकडे काणाडोळा करताना दिसली, तर तिला भावाच्या बायकोचं नाव घेऊन टोमणा मारतात. ही दोन्ही उदाहरणं गावाला मी पुरवली. दोन्ही खोटी आहेत.

गाव नार्नूरकडचं, तेलंगणातलं, पण महाराष्ट्राच्या सीमेलगतचं. कापूस आणि ज्वारी. मी शिकलो, तहसिलीत लागलो, तेलुगू लिहा-बोलायला शिकलो. भाऊ शेतावर राहिला. त्याला मराठी यायची आणि बाजारापुरती हिंदी. घरात तेलुगू कागद आला की तो माझ्यापुढे ठेवायचे आणि मी सांगेन तोच त्याचा अर्थ. कोणी दुसऱ्याला विचारायला जात नसे. तसं करणं म्हणजे थोरल्याचा अपमान.

आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्या दसऱ्याच्या सुमारास भावाच्या छातीत दुखलं. त्यानं ओवा चावला, घामेजून झाडाखाली पडून राहिला, उन्हं उतरल्यावर बायकोला सांगितलं. दवाखान्यात नेईपर्यंत बराच उशीर झाला होता. तरी वाचला.

डॉक्टर गोदावरीपलीकडचे, तरुण, हिंदी तोडकीमोडकी. मी तेलुगूत बोललो तसा त्यांचा चेहरा खुलला. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी मला नीट समजावलं. भाऊ शेजारीच बाकावर बसला होता. ते म्हणाले, हृदयाचा एक भाग मेला आहे, तो परत यायचा नाही. आता त्याच्या वाटचं काम उरलेल्या भागाला करावं लागेल. त्यांनी मूठ घट्ट आवळून माझ्यासमोर धरली. हृदय आत्ता असं आहे, म्हणाले. ओझं पडलं तर ते ताणत जाईल, भिंती पातळ होतील, आकार बदलेल. बोलता बोलता त्यांनी मूठ हळूहळू सैल केली आणि शेवटी पंजा पसरून दाखवला. मग यात जोर राहत नाही. म्हणून गोळ्या जन्मभर. बरं वाटलं तरी जन्मभर. आणि हा हंगाम पूर्ण विश्रांती, डोक्यावर ओझं तर अजिबात नाही.

मला सगळं समजलं. एक शब्द सुटला नाही.

बाहेर व्हरांड्यात भाऊ म्हणाला, "काय म्हणून राह्यले होते दादा डॉक्टर? मूठ काऊन उघडून दाखवली?"

मी म्हणालो, "बोंड फुटलं म्हणाले. घरी जा आणि वेचायला लागा."

तो इतका हसला की आजूबाजूचे लोक पाहायला लागले. मग मी त्याला सांगितलं, धोका टळला, आहेत तेवढ्या गोळ्या खायच्या, संपल्या की बास, आणि हळूहळू कामाला लागायचं.

त्याची बायको खांबाआड पदर ओढून उभी होती. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ; ती माझी भावसून. आमच्याकडे भासऱ्याशी थेट बोलायची रीत नाही. एका घरात इतकी वर्षं काढून तिचा आवाज मी फक्त भिंतीपलीकडून ऐकलेला. तिनं हळूच नवऱ्याला काही सांगितलं.

"तिले इचारायचं हाय," भाऊ म्हणाला, "वझं उचलू द्याव का मले?"

मी त्याच्याकडे पाहून तिला उत्तर दिलं, "उचल म्हणावं."

असं का केलं? माझी बदली नव्या जिल्ह्यात झाली होती. तिकडे रोज नवी दफ्तरं उघडत होती, टेबलं वाटली जात होती. जो आधी रुजू होईल त्याला बरं टेबल, अशी आमच्यात बोलवा होती. खरं सांगितलं असतं तर रजा टाकून कापूस मला काढावा लागला असता. एवढंच कारण होतं. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. लहान कारण मात्र आणखी एक आहे. भाऊ लहानपणापासून माझ्यापेक्षा दांडगा. नाल्याला पाणी आलं की तो धाकटा असून मला पाठुंगळी घेऊन पलीकडे सोडायचा, आणि पोरं मला हसायची. त्या बाकावर तो तोंड वर करून माझ्याकडे पाहत होता, आणि ते मला आवडलं.

मी रुजू झालो. टेबल चांगलं मिळालं, खिडकीजवळचं.

इकडे भावसुनेनं शेतात दही शिंपडून सीतादही केली आणि वेचणी सुरू झाली. आमचं शेत नाल्यापलीकडे. बैलबंडी अलीकडेच थांबते. कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन नाला उतरायचा, चढायचा. भावानं तेच केलं.

संक्रांतीला मी घरी आलो. भाऊ अंगणात बाजेवर बसलेला, पाठीशी उशी. आडवं झालं की दम कोंडतो म्हणून तो बसल्या बसल्याच झोपत असे. पाय सुजले होते. त्यानं नडगीवर बोट दाबून दाखवलं, तिथं खड्डा पडला आणि तसाच राहिला. वेचणीच्या बाया मजुरीला आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "खाऊन खाऊन सुजला रे तू. पाय कसले, मुसळं झाली."

"मुसळं नाई जी, जावयाचे पाय हायत ते, नुस्तं बसून खाते!" एक म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या. भाऊही हसला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना, तेव्हा एकीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तो म्हणाला, "दादा, गोळ्या पुन्हा आनू का? तवा बरं वाटे."

"डॉक्टरपेक्षा शहाणा झाला का?" मी म्हणालो.

फेब्रुवारीत त्याला उचलूनच न्यावं लागलं. डॉक्टर तेच. छातीवर थंड लेप लावून त्यांनी पडद्यावर हृदय पाहिलं. मीही पाहिलं. ओल्या पोत्यासारखं काहीतरी, आकसायचा प्रयत्न करायचं आणि अर्ध्यात सोडून द्यायचं. डॉक्टरांनी मशीन थांबवली, माझ्याकडे वळले आणि तेलुगूत म्हणाले, "मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं ना?"

भाऊ उघड्या अंगानं आमच्या मध्ये पडला होता. त्याच्यावरून मी उत्तर दिलं, तेलुगूतच. "सांगितलं साहेब, शंभरदा सांगितलं. ऐकत नाही. बायकोही अडाणी, गोळ्या देत नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. भाऊ त्यांच्याकडे पाहून हसला. मग बाजूच्या नर्सला हिंदीत म्हणाला, "मेरा दादा. देखो, कैसी फर्राटे से तेलुगू बोलता."

पोळ्याच्या आधी तो गेला. बसल्या जागी, उशीला टेकून.

डॉक्टरांना सांगितलं तेच मी गावातही सांगत आलो होतो. तेराव्याला माणसं जमली. आमची आत्या भावसुनेला सगळ्यांसमोर म्हणाली, "गोळ्या काऊन नाई देल्या वं? कापसाच्या पायी नवरा खाल्ला तुनं." ती पदराआड मान खाली घालून बसली होती. मग तिनं मान वर केली आणि पदराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. थेट बोलता येत नव्हतं, आणि ज्याच्यामार्फत बोलायचं तो उरला नव्हता. मी म्हणालो, "जाऊ द्या आत्या. अडाणी आहे ती. तिला काय कळतं."

लोक म्हणाले, थोरल्याचं मन मोठं.

पुढे मी निवृत्त होऊन गावी आलो. तिच्या अंगणाला लागून माझं अंगण. मुलगा-सून तिच्याजवळ आहेत. कोणाकडे कार्य असलं की बाया तिला बोलावतात आणि बोलता बोलता गोळ्यांचा विषय काढतात. ती भाकरी थापत राहते. हे मी बरीच वर्षं पाहिलं. यंदा वाटलं, निदान तिच्यावरचा आळ उतरवावा. माझा श्वासही हल्ली पुरत नाही, उशीर नको.

तिची सून घरात होती. भावसून ओसरीवर तूर पाखडत होती. मी पायरीवर बसलो आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्या क्रमानं सांगितलं. मूठही आवळून उघडून दाखवली. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. मी तयारी करून गेलो होतो.

तिनं सूप खाली ठेवलं. आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली.

"वझ्याचं मी इचारलं होतं."

"हो."

"डॉक्टरनं नाई म्हटलं होतं?"

"नाही म्हटलं होतं."

तिनं सुपाची कड हातानं पुसली. मग म्हणाली, "त्याच्या एकट्याच्यानं गाठोडं उचलत नव्हतं. हात वर जात नव्हते. मीच चढवून देत होती त्याच्या डोक्यावर. रोज. मले वाटे, तेवढाच हातभार."

मी म्हणालो, "तुझी काही चूक नाही. हेच तर सांगायला आलो."

"गाव बोले, त्याचं मले काई वाटत नव्हतं," ती म्हणाली. "मले ठाऊक होतं ना, होत्या तवर एक गोळी चुकवली नाई मी. माह्या हातून त्याले काई झालं नाई, एवढ्यावर दिवस काढले. आता ते बी नेलं तुमी."

तिनं आपले तळवे उताणे करून पाहिले. त्यांना तुरीचा भुसा लागला होता. तो न झाडताच तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, माझ्याकडे पाठ केली आणि आत सुनेला म्हणाली, "त्याइले सांग, जाताना फाटक लावून घ्या म्हना. ढोरं शिरतात."