उसवून आणू नको

अक्कांच्या नंबरवरून मेसेज आला तेव्हा मी पानिपतात, आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर उन्हाला बसले होते. मांडीवर बाळाचा अर्धा विणलेला पिवळा स्वेटर होता. गेले नऊ दिवस मी त्या मेसेजचीच वाट बघत होते. स्वेटरच्या गळ्याशी येऊन अडकले होते मी. डाव्या बाजूला तीन टाके कमी भरत होते आणि ते कुठं गेले तेच सापडत नव्हतं. फोटो काढून विचारलं होतं, "अक्का, माझे तीन टाके कुठं गेले?" मेसेज पोचल्याच्या दोन खुणा दिसत होत्या, पण निळ्या होत नव्हत्या. त्या दिवशी झाल्या. मला एवढा आनंद झाला की आधी सुया हातात घेतल्या, अक्का सांगतील तसं लगेच करायचं म्हणून, आणि मग फोन बघितला. लिहिलं होतं, "मी रेणुका. अत्तम्मा सकाळी गेल्या."

रेणुका म्हणजे अक्कांची सून. तेलुगु घरात सासूला अत्तम्मा म्हणतात. आणि आमच्या अक्का म्हणजे सोलापूरच्या अंबुअक्का. माझ्या नात्यातल्या नव्हत्या त्या. त्यांच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास होता, तिथं मी शिकायला जायचे, एवढंच. एवढंच म्हणते खरं... पण सातवीत माझी शाळा सुटली, त्यानंतर मला बसवून काही शिकवलं ते या एकाच बाईनं.

आमचं गाव सांगोल्याकडं. घरी मेंढरं. चाऱ्याच्या मागं सगळं घर हिंडायचं, त्यात शाळा कुठली टिकायला? एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आले. आमचे हे चादरीच्या कारखान्यात मागावर होते. सासूबाई म्हणाल्या, घरात बसून काय करतीस, ब्लाउज तरी शिवायला शीक. म्हणून अक्कांकडं गेले. खोलीत सात-आठ मुली, चार मशिनी, आणि पलीकडच्या शेडमधली मागाची खडखड एवढी की बोलायचं तर ओरडूनच. अक्का ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात टेप. पहिल्याच दिवशी विचारलं, "गाव कुटलं? घरी काय करत्यात?" मी सांगितलं. त्या दिवसापासून माझं नाव मेंढरवाली पडलं.

दुसऱ्या आठवड्यात मी सासूबाईंच्या नव्या कापडाचा ब्लाउज कापला आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. जोडायला गेले तेव्हा कळलं. तोंडचं पाणी पळालं माझ्या. कुणाला दिसायच्या आत तुकडे पिशवीत कोंबले, घरी येऊन सगळी शिवण उसवली, तुकडे ट्रंकेच्या तळाशी घातले आणि क्लासला जायचंच बंद केलं. पाचव्या दिवशी भर दुपारी दारात अक्का उभ्या.

"मेंढरवाली हितंच राहती का? काय बिघडलंय ते दाखव."

"काही नाही अक्का. उसवलं मी सगळं."

तुकडे बघून म्हणाल्या, "मग आता मी काय बघू? भोकं? चुकलीस त्याचं काय न्हाई गं. उसवून ठेवलीस, आता तुजा हात कुटं चुकतोय ते मला कसं कळावं? डॉक्टरकडं जाताना दुखणं घरी ठेवून जातीस का?" मी रडायला लागले. अक्कांनी दोन्ही बाह्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. "रडालीस कशाला? एका हाताच्या दोन झाल्या, आता दुसऱ्या हाताच्या दोन काप. दोन ब्लाउज झाले की!" स्वयंपाकघरात सासूबाई हसल्या, आणि माझ्या जिवावरचा धोंडा उतरला.

त्यांच्या क्लासची एक रीतच होती. आल्यावर प्रत्येकीनं आपलं काम चटईवर उलटं पसरायचं, आतली बाजू वर करून. सुलटी बाजू कुणी दाखवायला लागली की अक्का म्हणायच्या, "ती नवऱ्याला दाखव." ब्लाउज असो, क्रोशाचा रुमाल असो, नाहीतर लोकरीचं काही. मग सगळ्या जणी वाकून बघायच्या. चूक सापडली तर फक्त बोट ठेवायचं, हात लावायचा नाही. उसवायचं ते जिचं आहे तिनंच. त्या चटईवर कुणी कुणाला हसायचं नाही असा काही नियम नव्हता, हसायच्या सगळ्या, पण जिचं चुकलं तीसुद्धा हसायची. आयुष्यात पहिल्यांदा "मला येत नाही" असं मी मोठ्यानं म्हटलं ते तिथं.

सोलापुरासारख्या गावात लोकर विणणारी बाई हा सुद्धा एक चेष्टेचा विषय होता. एप्रिलमध्ये हाताला घाम येऊन लोकर सुईला चिकटायची, म्हणून अक्का हाताला पावडर लावून विणायला बसायच्या. सुया त्यांच्या स्वतःच्या, सायकलच्या चाकाच्या तारा घासून केलेल्या, बारीक आणि गुळगुळीत. गल्लीत बाळ जन्मलं की अक्कांचा पिवळा सेट जायचाच... टोपडं, मोजे आणि स्वेटर. मी एकदा विचारलं, "अक्का, एवढ्या उन्हात बाळाला लोकरीचं?" तर म्हणाल्या, "बाळ कुटनं येतंय? आईच्या पोटातनं. तितं सोलापूरपेक्षा गरम असतंय." स्वेटर बाळाला पहिल्यांदा घालायचा तो उलटाच, हे त्यांनी प्रत्येक बाळंतिणीला सांगितलं असणार. "शिवण बाळाला टोचू न्हाई. मऊ बाजू बाळाला, गाठी लोकांला." विणायला मी त्यांच्याकडंच शिकले. मी मेंढरं वळलेली मुलगी, अक्कांनी दुकानातून आणलेल्या लोकरीला हात लावून बघितला तेव्हा म्हटलं, अक्का, ही मेंढीची नाही. "कंपनीच्या मेंढीची हाय," अक्का म्हणाल्या, "गप विण."

माझा हात मात्र घट्टच. भीती असली की सुई आवळून धरते मी. आणि भीती तर कायमच असते. "हात सैल सोड गं," अक्का ओरडायच्या, "कुणी सुई हिसकावून न्यायला बसलंय का?"

मग कारखाना बंद पडला आणि यांना पानिपतात काम मिळालं. पानिपत म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको. गल्लीतल्या बायका माझी शेवटची ओटी भरायला आल्या की काय वाटावं, असले चेहरे. "तिकडनं कुणी परत येत न्हाई म्हणं," एकीनं म्हटलंसुद्धा. अक्का तिला म्हणाल्या, "ती लढाईला चाललीय का? चादरी विणायला चाललाय तिचा नवरा." आणि माझ्या हातात जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. सायकलच्या तारेच्या दोन सुया. "तितं थंडी लई असती. बायका उन्हात बसून विणत्यात म्हणं. जाऊन बस त्यांच्यात."

मी नाही बसले. चार हिवाळे गेले, नाही बसले. समोरच्या घरी संतोष काकी राहतात. हो, बाईचंच नाव, इकडं असतं. त्यांच्या दारात दुपारी पाच-सहा जणी विणत बसतात, आणि त्यांच्या सुया बोलण्यापेक्षा भरभर चालतात. मला हिंदी येतं ते बाजारापुरतं. त्यात सुईला इथं सलाई म्हणतात आणि टाक्याला फंदा. वाटायचं, आपण तोंड उघडलं की सगळं येईल बाहेर, सातवी, मेंढरं, सगळं. म्हणून गच्चीवर बसायचे, आणि अडलं की फोटो काढून अक्कांना पाठवायचे. उत्तर बोलून यायचं, मागं मागांची खडखड. "उलटी बाजू पाठव." ती पाठवली की, "चौथ्या ओळीत बघ. उलट टाका घ्यायचा तितं सुलट घेतलीस. उसव तितपर्यंत." आणि शेवटी दरवेळी, "समोरच्या बाईला का दाखवत न्हाईस गं? मी फोनात बघालीय, ती डोळ्यानं बघंल." मी म्हणायचे, दाखवते. दाखवत काही नव्हते.

मागच्या दिवाळीनंतर अक्कांचा निरोप आला. रेणुकाला सातवा महिना लागलाय, सेट तू कर. मी चक्रावलेच. गावभरच्या बाळांना ज्यांनी विणून दिलं त्या स्वतःच्या नातवंडाचं दुसरीला सांगतात? म्हटलं, "अक्का, तुमच्या घरच्या बाळाला माझ्या हातचं?" तर म्हणाल्या, "का, तुज्या हाताला काय झालंय? बघू तरी कसा बसलाय हात." मला वाटलं परीक्षा घेताहेत. टोपडं झालं, मोजे झाले, आणि स्वेटरपाशी मी घाबरले. त्या दिवसांतल्या त्यांच्या निरोपांमागं मागांचा आवाज नसायचा. माझ्या ते लक्षात आलं होतं. दोन वाक्यांमध्ये दम घ्यायच्या, तेही आलं होतं लक्षात. पण विचारलं नाही. मला माझ्या टाक्यांची पडली होती.

त्या गेल्या, पण इथून लगेच पोचण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी रेणुकाशी बोलले. सहा महिने आजार अंगात होता. बोटांतली ताकद गेली होती, चहाचा कप दोन हातांनी धरायच्या. क्लासच्या मुलींना सांगितलं, मशिनी दुरुस्तीला दिल्यात, आणि मागच्या खोलीत हलल्या, तिथं मागांचा आवाज पोचत नाही. कुणाला सांगू द्यायच्या नाहीत. "तुमालापन सांगू नको म्हटल्या होत्या ताई. म्हटल्या, ती घाबरट हाय, विणायचं सोडंल."

मग रेणुकानं विचारलं, "त्यांच्या डब्यात एक सुई घावलीय. पिवळी लोकर हाय तिच्यावर, थोडं विणलेलं. मला तर यातलं काय येत न्हाई. उसवून लोकर गुंडाळून ठेवू का?"

मी म्हटलं, थांब. फोटो पाठव. उलट्या बाजूचा.

अकरा ओळी होत्या. पहिल्या तीन अक्कांच्या, म्हणजे आम्ही ओळखतो त्या अक्कांच्या, छापल्यासारख्या. चौथीपासून टाके सैल पडत गेले होते. सातवीत एक सुटला होता. नववीत दोन. अकरावी तर... लहान मुलीनं पहिल्यांदा सुई धरावी तशी होती. तिथं त्या थांबल्या होत्या आणि मला निरोप पाठवला होता. परीक्षा कसली? मदत मागितली होती त्यांनी, आयुष्यात बहुतेक एकदाच, आणि ती सुद्धा मला कळणार नाही अशा बेतानं. आम्हाला सगळ्यांना आतली बाजू पसरायला लावणारी बाई, स्वतःची डब्यात ठेवून गेली. पण एक होतं. उसवली नव्हती त्यांनी. एकही टाका उसवला नव्हता.

रेणुकाला म्हटलं, उसवू नको. डब्यात ठेव तसंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो अडकलेला स्वेटर घेतला आणि जिना उतरले. रस्ता ओलांडायला चार पावलं लागतात, मला घाम फुटला होता, थंडीत. संतोष काकींच्या पुढं तो उलटा करून पसरला आणि मला येतील त्या शब्दांत म्हटलं, "काकी, गलत हो गया. कहाँ हुआ, मिलता नहीं." काकींनी चष्मा चढवला. बाकीच्या बायकाही वाकल्या, अगदी चटईवर वाकायच्या तशा. एकीनं बोट ठेवलं, दुसरीनं ठेवलं. तीन ठिकाणी ओळीच्या सुरुवातीला मी दोन टाके एकदम घेतले होते, आवळून धरल्यामुळं ते एकच दिसत होते. काकी सरळ सुई उपसून उसवायलाच लागल्या. त्यांना काय माहीत अक्कांचा नियम! मी घाईनं हातातून घेतला, "काकी, मैं करूँगी." त्या हसल्या. मी उसवून परत विणायला लागले, तर थोडा वेळ बघून माझ्या मनगटावर हलकेच थापटलं आणि म्हणाल्या, "हाथ ढीला छोड, बेटी."

मला पुढचे टाके दिसेनात. त्यांना वाटलं मी घरच्या आठवणीनं रडतेय. तसंच होतं ते.

रेणुकाला मुलगी झाली. सेट कुरिअरनं वेळेत पोचला. परवा अक्कांच्या नंबरवरून फोटो आला, तोच नंबर रेणुका वापरते. सोलापुरात आता ऊन तापायला लागलंय, बाळाच्या मागं पंखा फिरताना दिसतो, आणि पोरगी लोकरीचा स्वेटर घालून झोपलीय. उलटा. सगळी शिवण बाहेर, गाठी बाहेर. तोच फोटो तिनं क्लासच्या मुलींच्या ग्रुपवरही टाकला होता. मी लिहायला घेतलं, "रेणुका, उलटा घातलायस गं," आणि अर्ध्यावर पुसून टाकलं. तिला विणकाम येत नाही, पण हे तिला कुणी सांगून ठेवलं असणार ते मला माहीत आहे. फोटो मोठा करून बघितला. गळ्याच्या डाव्या बाजूला, जिथं परत विणलं होतं, तिथं लोकर जोडल्याची एक गाठ जरा वर आलीय. माझीच. सगळ्या जगाला दिसेल अशी. मी तिच्यावर नुसतं बोट ठेवलं.