पुतळाबाईच्या माहेरची बॅटरी

कोन गावाहून खारबाव म्हणजे काही परमुलूख नाही. सकाळी निघालेला माणूस न्याहारीच्या वेळेला तिथे पाय धुऊन बसतो. एवढ्याशा वाटेसाठी काळूशेठ पाटलांनी चाकांवरचं घर बांधून आणलं, तेव्हा गावाने हसायचं काही बाकी ठेवलं नाही. "शेठ, काश्मीरला निघाले काय?" असं जो तो विचारी, आणि काळूशेठ शांतपणे सांगत, "न्हाय रं, सासरवाडीला."

ते घर म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढायचा एक पांढरा डबा. कशेळीच्या विठू वेल्डरने बनवलेला. आत एक पलंग, एक खिडकी, पंखा, दोन दिवे, आणि पलंगाखाली बॅटरी. सगळा खटाटोप त्या बॅटरीसाठी होता.

झालं होतं असं, की काळूशेठच्या बायकोचा, पुतळाबाईचा, झोपेत श्वास अडकायचा. डॉक्टरांनी एक मशीन दिलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून रात्रभर हवा. मशीन आलं आणि बाई दिवसा ताजीतवानी दिसायला लागली, पण रात्री घराला बांधली गेली. कोनच्या घरात इन्व्हर्टर होता. खारबावला तिच्या भावाच्या, नामाच्या घरी मात्र लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि गेली की येण्याची घाई तिला कधीच नसते.

आता तुम्ही म्हणाल, मग नामाच्या घरी इन्व्हर्टर बसवून द्यायचा. काळूशेठ तेच म्हणाले होते. नामाने हात जोडले. "दाजी, बहिनीच्या घरचं घेऊ? वर गेल्यावर बापाला काय सांगू?" लेक दिलेल्या घरचं पाणी पितानाही संकोचणाऱ्या बापाचा तो मुलगा.

म्हणून पुतळाबाई माहेरी जायची ती दिवसाची. जेवायची, गप्पा मारायची आणि दिवेलागणीला परत. एरवी ते चालून जायचं. पण गावदेवीच्या जत्रेला खारबावच्या झाडून साऱ्या लेकी राहायला येतात, देवळापुढे गाणी म्हणतात, अंगणात ओळीने अंथरुणं पडतात. त्या रात्रीसुद्धा ही आपली पिशवी उचलून जीपमध्ये बसायची. मागच्या जत्रेहून परतल्यावर कोनला उतरताना म्हणाली, "आता मी पावनीच झाले तिकडं." ते वाक्य काळूशेठच्या जिव्हारी लागलं. त्यातून तो डबा जन्माला आला.

पुतळाबाईची अट सरळ होती. "आधी आपल्या अंगनात एक रात काढू. सकालपर्यंत मशीन चाललं तर येन. मधीच बंद पडलं तर भावाकडं तमाशा नको."

डबा आला तेव्हा बॅटरी भरलेली होती. ती काळूशेठनी आल्यागेल्याला दिवे नि पंखा दाखवण्यात संपवली. हौसेला मोल नसतं, जाऊ द्या. मग घरातून वायर ओढून चार्जर लावला. हिरवा दिवा पेटला. दुसऱ्या दिवशीही पेटलेलाच. खिडकीतून तो दिवा बघून काळूशेठ खुशीत मिशीवरून हात फिरवायचे. मग वायर काढली, पुतळाबाई डब्यात झोपायला गेली आणि थोड्याच वेळात उशी काखेत मारून घरात परत आली. मशीन बंद पडलं होतं.

काळूशेठ हार मानणारे नव्हेत. आधी त्यांनी बॅटरीची टोकं घासून लखलखीत केली. मग वायर बदलली. मग फ्यूज बदलला. मग चार्जरच नवा आणला. प्रत्येक वेळी हिरवा दिवा आपला इमानेइतबारे पेटलेला, आणि बॅटरी आपली रिकामी. विठू वेल्डरला फोनवर इतकं झापलं की त्याने शेवटी उचलणंच सोडलं. मग उंदरांवर संशय घेतला, पिंजरा लावला. पिंजऱ्यात उंदीर नाही, शेजारचं मांजर अडकलं. मग नजर वळली सुनेकडे. विनिता दुपारी डब्यात बसून माहेरी फोन करायची.

"पोरी, तुझा फोन लावते का तू तिथं चार्जिंगला?"

"बाबा, फोनने कधी एवढी बॅटरी संपते? मी काय तिथे फ्रीज लावलाय?" विनिता हसून म्हणाली. पण मनाला लागलं असावं, कारण त्या दिवसापासून ती डब्यात बसेनाशी झाली.

शेवटी कल्याण रोडवरच्या राकेशला बोलावलं. बॅटरीचं दुकान त्याचं, हातात मीटर. काळूशेठनी डबा उघडला, त्याला आत घेतलं, चार्जर लावला. राकेशने मीटरच्या सुया टेकवल्या आणि म्हणाला, "शेठ, एकदम मक्खन चार्ज होतेय. कुछ फॉल्ट नहीं." बराच वेळ बसला, चहा प्यायला, पुन्हा बघितलं. आकडा चढत होता. दवाखान्याची पायरी चढली की दाढ दुखायची थांबते ना, तसलाच प्रकार. राकेश गेला. सकाळी बघावं तर बॅटरी जवळजवळ रिकामीच.

इकडे जत्रा तोंडावर आली. खारबावहून नामाची बायको आनंदीबाई हिचा फोन आला, "वन्सं, या वर्षी ऱ्हाणार ना?" पुतळाबाई म्हणाली, "बघू." फोन ठेवून तिने आपली पिशवी रिकामी केली आणि लुगडी परत कपाटात लावायला घेतली. ते काळूशेठनी पाहिलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. एवढा कारखाना चालवला, एवढी माणसं सांभाळली, आणि बायकोला एक रात्र माहेरी ठेवता येत नाही म्हणजे काय, असं त्यांना होऊन गेलं.

संध्याकाळी ते पुन्हा डब्यात शिरले. चार्जर लावला, टोकं चाचपली, बाहेर आले, कुलूप लावलं. चष्मा द्यायला म्हणून पुतळाबाई मागे आली होती. ती जागच्या जागी थांबली.

"अवो, आता काय केलं तुमी?"

"कुलूप लावलं."

"त्याच्या आधी?"

"आधी काय? काय न्हाय."

"उघडा परत. आन परत बंद करा."

काळूशेठनी कुरकुरत उघडलं, आत गेले, बाहेर आले. दाराशेजारी बॅटरीचा लाल मेन स्विच होता. बाहेर पडताना त्यांचा डावा हात आपोआप वर गेला, स्विच खाली ओढला आणि उजव्या हाताने कुलूप लावलं. तोंडाने ते विठूला शिव्या घालत होते.

पुतळाबाईला सगळं लख्ख दिसलं. या माणसाने आयुष्यभर कापड विणायच्या लूमचा कारखाना चालवला. शुक्रवारच्या सुट्टीला कारखाना बंद करताना मेन खाली ओढल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, हा त्याचा धर्म. हवेत सुताचा भुसा, एक ठिणगी पडली तर राख. शेजारचा कारखाना तसाच गेला होता. तेव्हापासून तो हात कुणाचं ऐकत नव्हता. एकदा कुणाच्या लग्नाला जातानासुद्धा याने घराचा मेन पाडून फ्रीजमधली मासळी सडवली होती. इथे चार्जरला घरची वीज मिळत होती, म्हणून हिरवा दिवा पेटलेला. पण बॅटरी मात्र त्या लाल स्विचने तोडून टाकलेली. भरणार कशी? राकेश आला तेव्हा दार उघडं, स्विच वर. शेठ पुन्हा आत शिरले की तोच हात स्विच वर करायचा. चोर आणि पहारेकरी एकच.

तिने त्यांचं मनगट धरलं आणि पोट धरधरून हसली. इतकी, की विनिता बाहेर आली.

काळूशेठ आधी मानेनात. मग स्विचकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. मग पायरीवरच बसले. "विठूला फोन लाव," ते हळूच सुनेला म्हणाले, "आन माझ्याकडून तूच बोल. आन हे बघ, तू डब्यात बसत जा. फोन लाव, काय पायजेल ते लाव."

त्या दिवसापासून डब्याची किल्ली पुतळाबाईच्या कनवटीला गेली. अंगणातली रात्र तिने मशीनसकट सुखात काढली आणि जत्रेच्या सकाळी डबा जीपमागे डोलत खारबावला निघाला. नामाने आंब्याखाली जागा झाडून ठेवली होती. बहीण स्वतःची वीज स्वतः घेऊन आली, यात त्याला घेण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे तोही खूश. संध्याकाळपासून देवळापुढे लेकी जमल्या. पुतळाबाई त्यांच्या मधोमध जाऊन बसली, आणि या वेळी कुणी तिला निघायची वेळ विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी काळूशेठ नामाच्या ओटीवर जागे झाले तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. बाकीच्या लेकींची अंथरुणं गोळा झाली होती. चहा झाला, भाकऱ्या झाल्या. डब्याचं दार बंदच. कोनला ही बाई कोंबड्याच्या आधी उठते. मशीन बंद पडलं असेल तर? ते अनवाणीच आंब्याकडे धावले आणि दार ढकललं.

आत मशीन मंद आवाजात चालू होतं. मुखवटा लावून पुतळाबाई कुशीवर झोपली होती, पदर जमिनीवर लोळत होता, खिडकीतलं ऊन थेट तोंडावर आलं होतं तरी तिला पत्ता नव्हता. काळूशेठ उभेच राहिले. सून आली, नातवंडं झाली, पण भर उजेडात झोपलेली आपली बायको ते आज पहिल्यांदा बघत होते. तिला अशी झोप आपल्या घरात कधीच मिळाली नाही, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

दाराचा आवाज झाला तशी तिने डोळे न उघडताच मुखवटा जरासा बाजूला केला.

"मी माहेराला हाय," ती म्हणाली. "उठवू नका."

तिने मुखवटा पुन्हा लावला आणि कूस बदलली. काळूशेठनी खिडकीचा पडदा ओढला, दार हलकेच लोटलं आणि पायरीवर बसून राहिले. आनंदीबाई चहाचा कप घेऊन येताना दिसली, तेव्हा त्यांनी लांबूनच हाताने तिला थांबवलं.