धुऱ्यालगतची ओळ

"पाहुण्यांचे बूट धू."

सर हे बोलले तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चाळीस विद्यार्थी उभे होते. आकडा पक्का आहे, हजेरी मीच घेतो. तालुक्याच्या सरकारी कृषी तंत्र विद्यालयात मी शेतावरचा मदतनीस. पाहुणे म्हणजे सरांच्या नात्यातले एक मोठे धानवाले.

माझा गुन्हा पाच मिनिटांपूर्वीचा. नव्या वाणाची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, दाखवताना सरांनी धुऱ्यालगतच्या एका चुडाचे, रोपांच्या एका झुपक्याचे, फुटवे मोजले. एकोणीस. पाहुणे खूश. आता, काठच्या चुडाला ऊन-वारा जास्त, तो जास्त फुटतो. म्हणून ती ओळ मोजणीत धरायची नसते. हे सरच वर्गात शिकवतात. मी सकाळी बांधीच्या मधले वीस चूड मोजले होते. सरासरी अकरा.

हळूच म्हणालो, "सर, ती काठची ओळ आहे."

"काऊन गा, तू मोजून राहिला? गोंडाले वीसच्या पुढं मोजता येते काय? जा, मोहफुलं वेच."

पाहुणे हसले. पोरं हसली. पहिल्या वर्षाला माझी मुलगी आहे. ती हसली नाही. तिनं मान खाली घातली.

मग बूट. मी धुतले. दोन्ही. वाकून.

नंतर साबणानं तीनदा हात धुतले. किळस जाईना. चिखलाची नव्हती ती, चिखल माझा रोजचा. माझ्याच तोंडातून निघालेल्या "हो सर"ची होती. वीस वर्षं तेच दोन शब्द बोलत आलो.

दुपारी सरांनी मोजणीची वही सरकवली. "फुटवे एकोणीस लिही. सही कर."

हा आकडा शेतकरी मेळाव्यात फलकावर लागणार. तो पाहून चिचगडकडची माझी माणसं हेच बियाणं पेरणार.

"सर, बांधीत चला. काठ सोडून कोणताही चूड दाखवा. मी मोजतो."

"तुले नोकरी करायची हाय का नाही?"

"करायची आहे. आणि वीसच्या पुढंही येते, सर. वीस चुडांची बेरीज दोनशे वीस."

मी अकरा लिहिले. खाली वीसही चुडांचे आकडे लिहिले. सही करताना आडनाव नेहमी आखूड करायचो. त्या दिवशी पूर्ण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी माझी रवानगी गोठ्यावर झाली. वहीत अकरा खोडून एकोणीस केलेत, हे मुलीनं पाहिलं. घरी येऊन एवढंच बोलली, "बाबा, तुम्ही बूट कायले धुतले?"



मेळावा पुढच्या आठवड्यात आहे. मी चिचगडच्या माणसांना निरोप धाडलाय. फलक वाचू नका, माझ्यासोबत बांधीत उतरा. धुऱ्यावरून नाही, मधोमध. मोजणार माझी मुलगी. मोठ्यानं, सरांना ऐकू जाईल असं.

चिखलात सगळ्यांचेच बूट भरतील. ज्याचे त्यानं धुवावेत.