टाळू घडवणारे हरिहरराव

हरिहरराव टिपणीस कवळ्या करायचे. ते दाताचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवणार आणि त्यावरून हे मेण, प्लॅस्टर, कानस घेऊन कवळी घडवणार, असा त्यांचा धंदा. तरुणपणी गिरगावात एका दंतवैद्याच्या हाताखाली ते शिकले, आणि स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी आपल्या गावी ठाण्याला परत येऊन टेंभी नाक्याजवळ त्यांनी दुकान थाटलं. पेन्शनर, वकील, कचेरीतले कारकून असं गिऱ्हाईक होतं. हरिहरराव अबोल, पण हात हलका. आपली कवळी घातलेला माणूस रस्त्यात पेरू खाताना दिसला, तर त्या दिवशी ते घरी गुणगुणत यायचे. घर दुकानाच्या मागेच. मूलबाळ नव्हतं. ते आणि सरोजवहिनी, दोघंच.

बावन्न सालच्या थंडीच्या सुरुवातीला सरकारी इस्पितळातले डॉक्टर त्र्यंबक आगाशे दुकानात आले. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "टिपणीस, दात नकोत मला. टाळू करून द्याल?"

हरिहररावांना आधी नीट कळलंच नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं. माजिवड्याची एक बाई वॉर्डात होती. वरच्या जबड्याचा कॅन्सर. मुंबईला ऑपरेशन झालं, रेडियमचे शेकही दिले. अर्धा जबडा आणि टाळू काढावी लागली. तोंडातून थेट नाकात भोक पडलेलं. पाणी प्यायलं की नाकातून बाहेर, आणि बोललेलं कुणालाच समजत नाही.

"मुंबईला काही बसवलं नाही?"

"बसवलं होतं. पण जखम भरली तशी जागा आकसली, आता ते तोंडात राहत नाही. नवरा मिठागरावर कामाला. दर खेपेला तिला मुंबईला कोण नेणार?"

"डॉक्टर, असलं काम मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही."

"मीही नाही. निदान पाहून तर जा."

दुसऱ्या दिवशी हरिहरराव वॉर्डात गेले. बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला, पडद्याआड, शेवंतीबाईची खाट होती. चाळिशीची काटक बाई. लुगड्याचा पदर तोंडावर घट्ट धरून बसलेली. मलमपट्टी करणारा ड्रेसर गुणाजी नुकताच तिच्या जखमेतला बोळा काढत होता. हरिहरराव जवळ गेले, आत वाकून पाहिलं, आणि तो वास नाकात शिरताच तसेच मागे फिरून व्हरांड्यात गेले. कठड्यापाशी त्यांना ओकारी झाली.

सिस्टर उत्तरा पाण्याचा पेला घेऊन मागे आली. उत्तरा कल्याणच्या शिकल्यासवरल्या घरातली, लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा झाली आणि घरच्यांचा विरोध मोडून नर्सिंगला आली होती.

"पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," ती म्हणाली. "माझं तर अन्नावरून मन उडालं होतं. पण आता परत आत चला. नाहीतर तिला वाटेल, तिला बघून तुम्ही पळालात."

हरिहररावांनी चूळ भरली आणि आत गेले.

शेवंतीबाई काहीतरी बोलली. सगळे शब्द नाकातून वाहून गेल्यासारखे. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने, धाकूने, ते सांगितलं. "ती इचारते, मना गाता येल का?"

"गाता?"

"धवलारीन हाय ना ती. आमचे लग्नांत धवले तीच बोलते. माजिवडा, बालकुम, कोलशेत, सगल्यांचे मांडवांत तिलाच बोलावतात. आता वैशाखात आमचे मालनचा लगीन हाय."

आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. देवांची, पूर्वजांची नावं घेत तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. आपल्याच लेकीच्या मांडवात दुसऱ्या बाईने गावं, हे शेवंतीबाईला सहन होणार नव्हतं. हरिहरराव एवढंच म्हणाले, "गाण्याचं माहीत नाही. आधी पाणी पिता येतंय का बघू."

माप घेणं हेच मोठं दिव्य होतं. गरम पाण्यात मऊ केलेला मेणासारखा मापाचा मसाला त्या पोकळीत दाबायचा, तो थंड होईपर्यंत बाईने हलायचं नाही, आणि ओढून काढताना जखमेला धक्का लागू द्यायचा नाही. गुणाजीने तिचं डोकं धरलं, उत्तराने हात. शेवंतीबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने आवाज काढला नाही. घरी आल्यावर हरिहररावांनी प्लॅस्टरचा साचा ओतला आणि बराच वेळ तो नुसता हातात फिरवत बसले. आजवर त्यांनी माणसांच्या हिरड्या पाहिल्या होत्या. हे म्हणजे घराची भिंत पडून आतली खोली उघडी पडावी तसं होतं.

पहिली कवळी जड झाली, तोंडात ठरेना. दुसरी त्यांनी आतून पोकळ केली. पोकळीत शिरणारा भाग हलका, फुग्यासारखा, आणि खालच्या बाजूला टाळूची कमान. एका बाजूचे दात शिल्लक होते, त्यांना तारेचे आकडे अडकवले. ती बसवून त्यांनी शेवंतीबाईला पाणी दिलं. तिने घाबरत घोट घेतला. नाकाला हात लावून पाहिला. कोरडं होतं. मग तिने धाकूकडे पाहिलं आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली, "उबा काय ऱ्हायलास खांबासारका? बस ना!"

सगळा वॉर्ड हसला. धाकू मात्र मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

ती घरी गेली, आणि त्यानंतर दर पंधरवड्याला दुकानात यायची. कुठे टोचायचं, कुठे हवा निसटायची. हरिहरराव तिला स्वर लावायला सांगायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज कुठे फुटतो ते शोधून तिथे मेणाचा थर द्यायचे, पुन्हा गायला लावायचे. दुकानातून धवल्यांचे सूर रस्त्यावर जायचे तशी माणसं थांबायची. आणि थांबली की चौकशी करायची.

त्यातून बातमी पसरली. टिपणीस कॅन्सरवाल्यांच्या तोंडात हात घालतात, आणि त्याच हाताने आपल्या कवळ्या करतात. एका वकीलसाहेबांनी तयार कवळी न्यायला नोकर पाठवला, स्वतः आले नाहीत, आणि ती कवळी कधी घातलीही नाही म्हणे. शेजारच्या बायका सरोजवहिनींकडे हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या.

"हा रोग लागत नाही, डॉक्टरांनी शंभरदा सांगितलंय," हरिहरराव म्हणाले.

"मला पटतं हो," वहिनी म्हणाल्या. "पण मला पटून काय उपयोग?"

त्यांनी पुढे विषय काढला नाही. संक्रांतीचा तिळगूळ मात्र त्या वर्षी डब्यात तसाच राहिला.

चैत्र लागला. लग्नाला महिना-दीड महिना उरला होता. शेवंतीबाई आली, तिने कवळी काढून ठेवली, आणि हरिहररावांनी आरसा धरून आत पाहिलं. पोकळीच्या मागच्या कडेला लालसर, खरखरीत गाठ होती. मागच्या खेपेला ती नव्हती. त्यांनी आरसा फिरवून पुन्हा पाहिलं.

"दिसला ना?" शेवंतीबाई म्हणाली. कवळी काढली की तिचे शब्द पुन्हा नाकात जायचे, पण आता हरिहररावांना ते कळत होते. "मना कवाच कललाय. जिभेला लागते."

"डॉक्टरांना सांगावं लागेल."

"डाक्तरला सांगा. माज्या घरवाल्याला नको. त्याला समजला तर तो लगीन मोरेल, मना मुंबईला नेल. मांडव उबा ऱ्हाला पायजे, दादा."

हरिहरराव तडक इस्पितळात गेले. डॉक्टर आगाशांनी त्याच संध्याकाळी तिला तपासलं. मुंबईलाही कळवलं. तिकडचं मत तेच पडलं. पुन्हा ऑपरेशन शक्य नव्हतं, रेडियम जेवढं सोसवेल तेवढं देऊन झालं होतं. डॉक्टर, उत्तरा, गुणाजी आणि हरिहरराव ड्रेसिंगच्या खोलीत उभे होते. कुणीच बसलं नाही.

"कवळी घातली तर गाठीवर घासेल," हरिहरराव म्हणाले. "रक्त येईल."

"येईल," डॉक्टर म्हणाले. "दुखेलही. पण तिचं आयुष्य त्यानं कमी होणार नाही. जे व्हायचं ते चालूच आहे."

"आणि नाही घातली तर?"

उत्तरा म्हणाली, "तर ती लेकीच्या लग्नात मुकी बसेल."

मग ज्याने त्याने आपापलं काम उचललं. डॉक्टरांनी वेदनेचं औषध लिहून दिलं. ते द्यायला उत्तरा ड्यूटी संपल्यावर माजिवड्याला जायची. गुणाजी रोज जखम धुऊन द्यायचा. त्याचे हात इतके सवयीचे झाले होते, की शेवंतीबाई त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. हरिहरराव कवळी कानशीने घासत राहिले. गाठ वाढायची तेवढी कवळी कमी करायची. थंडीभर जिथे थरावर थर चढवले, तिथलंच आता उतरवायचं. धाकूला कुणी काही सांगितलं नाही; औषध जुन्या जखमेचंच, असं त्याला वाटत होतं. तो दर खेपेला विचारायचा, "बरी हाय ना आता?" आणि हरिहरराव मान खाली घालून म्हणायचे, "घट्ट बसवतोय."

लग्नाला हरिहरराव आणि उत्तरा टांग्याने गेले. मांडवात शेवंतीबाई हिरवं लुगडं नेसून पुढे बसली होती. चेहरा एका बाजूने सुजलेला, तो तिने पदराने झाकला होता. तिने धवला सुरू केला. आवाज पहिल्यासारखा नव्हता, पातळ झाला होता. पण शब्द न् शब्द कळत होता. नवरीच्या सात पिढ्यांची नावं तिने घेतली. पोरीला हळद लागली तेव्हा म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. मग एका कडव्याच्या मध्येच तिचा स्वर घसरला आणि नाकातून निघाला. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. हरिहररावांना कळलं, कवळी सरकली. शेवंतीबाईने पदर ओठांवर दाबला, आणि बाजूला केला तेव्हा त्यावर रक्त होतं. शेजारच्या सखुबाईने तो डाग पाहिला आणि न थांबता पुढचं कडवं उचललं. बाकीच्या बायकांनी साथ दिली. शेवंतीबाई तोंड मिटून बसून राहिली, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून.

त्यानंतर ती दुकानात आली नाही. ज्येष्ठात तिला वॉर्डात आणलं, तेव्हा कवळी बसण्याजोगी जागाच आत उरली नव्हती. हरिहरराव भेटायला जायचे. हातात काही नसलेला कारागीर खाटेपाशी उभा राहून काय करणार? ते उभे राहायचे आणि परत यायचे. आषाढात, सकाळी गुणाजी ड्रेसिंगला गेला तेव्हा ती गेलेली होती.

बाराव्यानंतर धाकू दुकानात आला. फडक्यात गुंडाळलेली कवळी त्याने टेबलावर ठेवली.

"हिचा काय कराचा मना समजला नाय. जालायचा जीव झाला नाय."

हरिहररावांनी ती घेतली नाही, परतही दिली नाही.

"गावांत बोलतात," धाकू म्हणाला, "या कवलीनं तिचा दुकना परत उठवला."

"तसं नाही. डॉक्टरांना विचारा."

"इचारला. तो पन बोलला, तसा नाय." धाकूने फडक्याचं टोक आत खोचलं. "लग्नाचे आदी तुमाला ठावं व्हता का?"

"होतं."

"तिला?"

"तिला आमच्या आधी."

"सगल्यांना ठावं व्हता," धाकू म्हणाला. "मी एकटाच नाचलो त्या मांडवांत." आणि तो उठून गेला. कवळी टेबलावरच राहिली.

हे वाक्य हरिहररावांना आतून खात राहिलं. डॉक्टर समजावायचे, उत्तरा समजावायची. तिची इच्छा होती, तुम्ही ती पाळली. ते मान डोलवायचे. पण तेव्हापासून त्यांनी नियम केला, की तोंडात जे दिसेल ते आधी डॉक्टरांना सांगायचं आणि मग घरच्या माणसाला समोर बसवून बोलायचं. लपवायचं काही नाही.

दुकान पुढे चाललं नाही. पंचावन्न साली ते बंद करून हरिहरराव डोंबिवलीला राहायला गेले. दातांचं काम करणारी माणसं ठाण्यात आणखी आली होती, आणि टिपणिसांचं नाव घेतलं की लोक हळूच दुसऱ्याकडे वळायचे. ठाण्याच्या इस्पितळात मात्र त्यांना मागच्या बाजूला एक खोली मिळाली. कल्याण, भिवंडी, शहापूरकडून माणसं यायची. कुणाची टाळू गेलेली, कुणाचं अर्धं तोंड. बहुतेकजण वर्ष-दोन वर्षांत जायचे. तेवढ्या काळात त्यांना पाणी पिता यायचं, नातवाला हाक मारता यायची.

अठ्ठावन्न साली कल्याणचे एक मास्तर आले, महिपत वैशंपायन नावाचे. ऑपरेशन होऊन सहा महिने झालेले. हरिहररावांनी त्यांची कवळी घडवली. शेवटच्या मापाच्या दिवशी त्यांना पोकळीत तशीच खरखरीत गाठ दिसली. डॉक्टरांनी तपासून खात्री केली. नियमाप्रमाणे हरिहररावांनी मास्तरांच्या मुलाला, आनंदला, आत बोलावलं आणि दोघांसमोर सांगितलं.

बोलता येत नसल्याने मास्तरांनी पाटीवर लिहिलं, "आभारी आहे." चष्मा पुसला, काठी घेतली आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. कवळी न्यायला ते परत आलेच नाहीत. उत्तरा कल्याणला माहेरी गेली तेव्हा मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन आली.

"खाटेवर पडून असतात," ती म्हणाली. "खाणं सोडलंय. मुलगा म्हणाला, त्या दिवशी सांगितलं नसतं तर बाबा दिवाळीपर्यंत तरी वर्गात उभे राहिले असते."

हरिहरराव हातातली कानस खाली ठेवून म्हणाले, "मग काय करायला हवं होतं मी?"

उत्तरा वॉर्डात गेली. बाहेर व्हरांड्यात भिवंडीची एक म्हातारी सकाळपासून वाट पाहत होती. हरिहररावांनी तिला आत बोलावलं, मसाला गरम पाण्यात टाकला आणि तिच्यासोबत आलेल्या सुनेला जवळच्या स्टुलावर बसायला सांगितलं.